तिसरं माप

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला फसवलं. अक्का, फोनवर तू "नशीब म्हणायचं आणि मिरजेला परत यायचं" म्हणतेस, म्हणून हे आधीच लिहून टाकते.

इकडे यायला निघाले, मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून चालत होते. "भाषा येत नाही म्हणून गप्प बसू नकोस," एवढंच म्हणाले. नाहीच बसले. यांची इथं तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावातल्या फॅक्टरीत नोकरी. क्वार्टरमध्ये शेजारणींची पोलकी शिवता शिवता मी शहरात नुंगंबाक्कमला स्वतःचं शिवणाचं दुकान काढलं, घरमालकापासून कारागिरापर्यंत सगळ्यांशी तमिळमध्ये भांडून. "परवाइल्ले", म्हणजे असू दे, चालतंय. हा शब्द मी इथं सगळ्यात आधी शिकले आणि दुकानात त्यावर बंदी घातली.

यांचा लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, केमोनंतर उलटला. डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला: गाठी शोधून त्यांना चिकटणारी अँटिबॉडी, तिला किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं. समजावलं नीट, ते नाकारत नाही. प्रत्येकाचं शरीर ते आयोडीन आपापल्या वेगानं बाहेर टाकतं. म्हणून आधी अगदी थोडं द्यायचं, आठवडाभरात तीनदा कॅमेऱ्याखाली अंगात किती उरलंय ते मोजायचं आणि त्यावरून मोठा डोस ठरवायचा. तो जास्त झाला तर हाडांतली मज्जा जळते.

"तिन्ही मापं घेणार ना?" मी विचारलं.

"नक्की, अम्मा."

पहिलं माप लघवीला जायच्या आधी घ्यावं लागतं, नाहीतर सुरुवातच चुकते. हे पाय आवळून बसलेले. "त्यांना म्हणावं आटपा. फॅक्टरीतल्या मीटिंगांनी सराव झालाय, पण इतका नाही!" मला हसू आवरेना. त्यानंतर आम्ही तसं हसलो नाही.

दुसरं माप झालं. तिसऱ्याच्या दिवशी पोंगल, कॅमेऱ्याची खोली बंद. सुट्टी संपली आणि थेट मोठ्या डोसची तयारी. मी दारात आडवी उभी राहिले.

"परवाइल्ले, अम्मा," डॉक्टर म्हणाले. "बाकीच्या पेशंटांवरून अंदाज येतो."

"एकीच्या मापावर दुसरीचं पोलकं मीसुद्धा बेतत नाही!" माझा आवाज चढला. नर्सा गोळा झाल्या.

"अगं, हळू," हे म्हणाले. "मोठे डॉक्टर आहेत ते. इथंही घासाघीस करणार का?" आणि त्यांनी स्वतःच सुईसाठी हात पुढे केला.

गाठी विरघळल्या, अक्का. पण काही आठवड्यांत प्लेटलेट्स उतरल्या आणि पुन्हा वर आल्याच नाहीत. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, बाटल्यांवर बाटल्या चढल्या. गाठींतून सुटलेला माणूस त्यातच गेला.

आता डॉक्टर म्हणतात, मज्जा आधीच्या केमोनंच थकली होती. असेलही. पण डोस जास्त झाला नव्हता, हे त्यांना कशावरून कळलं? ज्यावरून कळलं असतं ते त्यांनी मोजलंच नाही. राग धरायचा कुणावर, रोगावर की माणसावर, हेही मला कधी कळू नये अशी सोय करून ठेवली.

मिरजेचं घर माझं आहे, मान्य. इथलं क्वार्टरही सोडावं लागलं, दुकानामागच्या खोलीत राहते. पण हा प्रश्न घेऊन मी जिथं जाईन तिथं पाहुणीच असेन. म्हणून इथंच बसले आहे.

सणाला ती खोली बंद ठेवायची, असं कुणी ठरवलं? माझ्या नवऱ्याच्या अंगात त्या दिवशी किती उरलं होतं, ते न बघता कुणी ठरवलं? ज्यानं ठरवलं त्यानं माझ्यासमोर येऊन बसावं आणि सांगावं.