वकीलसाहेबायची पायडलची मोटार

ती मोटार ह्यायनं खराब केली नव्हती. मी केली होती.

आज ह्यायले जाऊन वर्ष झालं. आता लिहू द्या मले. माझी शाळा दोन बुकं. चुका नातीनं सुधारल्या, जिथं मी सुधारू दिल्या तिथं.

ह्यायचं अमरावतीत डेंटिंग-पेंटिंगचं दुकान होतं, तुमाले माहीतच आहे. म्हातारपणी नाद लागला लहान पोरायच्या पायडलच्या मोटारीचा. जुन्या, लोखंडी पत्र्याच्या, आत बसून पाय मारायच्या. भंगारातून आणायचे, ठोकून सरळ करायचे. लोकं हसायचे. मीबी हसायची.

मग अकोल्याचे एक वकीलसाहेब आले. त्यायच्या घरी अशा मोटारीनं एक खोली भरली आहे. आधी एकच दिली, स्वतःच्या लहानपणची. बॉनेटवर त्यायच्या वडलानं ब्रशनं लेकाचं लाडाचं नाव लिहिलेलं, "बाबू". वडील केव्हाच गेले होते.

म्हणाले, चाकं करा, पायडल करा, पण रंगाले बोट लावू नका. हे जमलं तर बाकीच्या मोटारीबी तुमच्याचकडे.

हे दीड महिना त्या मोटारीतच राहिले म्हणा ना. पायडल एका बोटानं फिरे.

अन् दसरा आला.

माझं माहेर परतवाड्याकडचं, फुलाच्या मळ्याचं. आमच्याकडे दसऱ्याले पाना-हातोडा सगळं धुऊन, झेंडू वाहून पुजतात. मले वाटलं, पाहुण्याची मोटार काय अशीच मळकी पुजायची? हे बाजारात गेले होते. मी घेतला सोडा, घेतली तारेची घासणी.

खुशीत घासली हो. गाणं म्हणत.

रंगाचे पोपडे निघाले, तर मले वाटलं मळ निघून राहिला.

बॉनेट लख्ख झालं.

"बाबू" नव्हता.

हे आले. पाहिलं. खालीच बसले. मी म्हटलं, तुमी पुन्हा लिहून टाका, कोणाले कळते.

"वडलाचं अक्षर आहे वं ते. मी कसं लिहू?"

दुसऱ्याच दिवशी साहेब येणार होते. दुपारी दाराशी गाडी थांबली. मी पुढं झाली सांगायले, तर ह्यायनं मले हातानं मागं सारलं.

साहेबानं बॉनेटवर हात फिरवला.

पुन्हा फिरवला.

"कोणं केलं?"

"मी," हे म्हणाले. "पॉलिशच्या नादात."

साहेब ओरडले नाही. ओरडले असते तर बरं होतं. तुमी कारागीर नाही, एवढंच म्हणाले, अन् मोटार उचलून घेऊन गेले.

त्यानंतर जुन्या मोटारी जमवणारा एकबी माणूस दुकानाकडं फिरकला नाही. साहेबानं सगळ्यायले सांगून ठेवलं होतं. हे मग नवा पत्रा आणून गल्लीतल्या पोरायसाठी मोटारी करत बसले. पाच केल्या. आजबी संध्याकाळी पाचही रस्त्यावर असतात, मागच्याच आठवड्यात भाजीवालीच्या टोपल्याले धडकल्या. लय गोड दिसतात हो पोट्टे त्यात.

कितीदा म्हटलं, मी अकोल्याले जाऊन खरं सांगून येते.

"तुले कोणी बोल्लं तर मले नाही चालत. राहू दे."

ते होते तोपर्यंत राहू दिलं.

परवा मात्र गेली. एसटीत मुर्तिजापूरपर्यंत उभी. साहेबाच्या दारातच सगळं सांगून टाकलं. बसली असती तर उठून पळाली असती.

मी म्हटलं, काय बोलायचं ते बोला, त्याच्यासाठीच आली.

"वहिनी, नाव गेलं ते गेलं. पण त्या माणसाले मी दहा जणायपाशी अनाडी म्हटलं. ते कसं वापस घेऊ?"

"फेसबुकवर लिहा," मी म्हटलं. "आधी मी लिहिते, खाली तुमी लिहा."

हो म्हणाले.

तर लिहिलं मी अन् टाकलं. हे खालचं मागून जोडून राहिली. सकाळपासून मोबाइल हातातच आहे, चहा थंड झाला. नात म्हणते, आजी, सारखं बोटानं ओढू नको, आलं की दिसेल. साहेबाचं अजून काही आलं नाही.

येईल.

अहो, तुमी कारागीर होते. आता सगळे वाचून राहिले.

घरच्या सगळ्यायकडून तुमाले भावपूर्ण श्रद्धांजली.