दुसरा गुडघा

आमच्या नॉटिंगहॅमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर जे काका बसायचे, त्यांच्याइतका चिवट माणूस अख्ख्या इंग्लंडात सापडणार नाही. कामावर जखमी झालेल्यांचे दावे मिटवणारी आमची वकिलांची फर्म. जखमी माणसाला पुढे आयुष्यभर कोणते उपचार लागतील, याची यादी काका करायचे. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी ती मंजूर केली, की सह्या घेऊन फाइल मी बंद करायची. एकदा सह्या झाल्या की दावा पुन्हा उघडत नाही, म्हणून काका यादी संपूच द्यायचे नाहीत. खांदा निकामी झालेल्या एका बाईंची केस आली, तेव्हा हे स्वतःचा हात झोळीत अडकवून आठवडाभर बसने आले, घरी एका हाताने भोपळा चिरून पाहिला आणि यादीत मदतनीस घातला. पाठ दुखावलेल्यांना फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "पायाची नखं कोण कापतं?" सर्जनचा रिपोर्ट आला, की यांचं पत्र जायचं: त्यानंतर काय? उत्तर आलं, की त्याच्याही नंतर काय? एकाने वैतागून लिहिलं, "त्यानंतर पेशंट मरेल." काकांनी तेही पत्र नीट फाइलला लावलं.

मी म्हणायचे, "काका, आज तरी सोडा ही फाइल." त्यावर त्यांचं खास नागपुरी उत्तर, "काहून घाई करून राहिली तू? त्याले चाळीस वर्षं चालायचं आहे, तुले शुक्रवारपर्यंतच जायचं आहे."

एकदा ते भाचीच्या लग्नाला नागपूरला गेले. हाउन्सलोच्या गोदामात काम करणाऱ्या एका माणसाची फाइल मागे राहिली होती. त्याच्या उजव्या गुडघ्याचं सगळं मंजूर होऊन आलं होतं, वर काकांची चिठ्ठी, "डावा सगळा भार घेतोय. सर्जनला विचारलंय. थांब." महिनाअखेर होती, त्या माणसालाही एकदाचं मोकळं व्हायचं होतं. मी थांबले नाही. काका परतले, फाइल जागेवर नाही बघून म्हणाले, "गेली?"

"गेली."

त्यांनी डबा उघडून लग्नातले लाडू माझ्यापुढे केले.

दोन वर्षांनी त्या माणसाचा फोन आला. डावा गुडघा गेला होता, पाठोपाठ नोकरीही. एनएचएसच्या सरकारी इस्पितळात नंबर लागायला वेळ होता, आणि आमच्या हातात काही उरलं नव्हतं. काका त्याच्याशी पाऊण तास बोलले. शेवटी म्हणाले, "गलती मेरी है भाई. मैं छुट्टी पे चला गया था." मी शेजारीच होते. स्क्रीनवरून नजर काढली नाही.

मागच्या वर्षी काका निवृत्त झाले. निरोपाची व्यवस्था माझ्याकडे होती: बिनअंड्याचा केक, कार्डावर सगळ्यांच्या सह्या, दोन भाषणं, घरी सोडायला टॅक्सी. टॅक्सीत बसवताना एकदाचं बोलून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. त्यांनी काच खाली केली आणि माझ्याकडे बघत थांबले. चांगले मिनिटभर थांबले.

मी म्हटलं, "पोचलात की मेसेज करा."