काळ्या राणीला मारायचं की नाही

माझी नणंद लोणावळ्यात भुशीच्या रस्त्याला राहते. दवाखान्यात नर्स आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिच्या दारासमोर गाड्यांची अशी रांग लागते की घरातून पाय बाहेर काढता येत नाही. म्हणून सुट्टी असली की ती आदल्या दिवशीच माहेरी, म्हणजे आमच्याकडे वराळ्याला, येऊन राहते. आम्हा दोघींना अद्भुत कथांचं वेड. जादूगार, बोलणारी जंगलं, असलं काहीही मिळालं की वाचून फडशा. अशाच एका पावसाळ्यात आम्ही ठरवलं, आपणच एक कादंबरी लिहायची.

वाटणी सोपी होती. उजेडाचं राज्य मी लिहायचं, अंधाराचं तिनं. माझा राजा इतका तेजस्वी होता की त्याच्या महालावरचा सूर्य कधी मावळायचाच नाही. तिची काळी राणी डोंगरापलीकडच्या काळोखात राहायची. तिथली माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखत आणि बियाणं अंधारात जपून ठेवत. त्यांना कधीकाळी राजानंच तिकडे धाडलं होतं आणि त्यांचं पाणीही त्याच्याच दरवाज्यांतून सुटायचं; लिहिताना आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिची प्रकरणं माझ्यापेक्षा सरस उतरत होती, हे मला कळत होतं.

शेवटचं प्रकरण माझ्याकडे आलं. मी राजाच्या हातून राणीला मारून टाकलं. नणंदेनं वाचलं आणि कागद खाली ठेवले.

"वहिनी, हिनं वाईट काय केलंय?"

"अगं, ती अंधाराची राणी आहे."

"मग? आम्ही रात्रपाळी करणाऱ्या सगळ्या वाईट का?"

मी हसले, पण ती हसली नाही. पुढच्या सुट्टीला ती आलीच नाही. ड्यूटी लागलीय म्हणाली. मला करमेना.

त्याच दिवसांत तळेगावच्या वाचनालयात चीनमधल्या ताओ विचारावरचं एक पुस्तक हाती लागलं. यिन आणि यांग हे शब्द मी पुष्कळ वेळा वाचले होते. अद्भुत कथांत तर ते पावलोपावली भेटतात. पण त्यांचा मूळ अर्थ मला ठाऊक नव्हता: डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू. मी तिथंच बसून तिला फोन केला.

"अगं, डोंगर एकच आहे! आपण उगाच दोन राज्यं करून बसलो."

"हे आधी कळलं असतं तर माझी राणी वाचली असती," ती म्हणाली. पण आवाजात राग नव्हता.

थंडीत आम्ही दोघी लोहगडवाडीला गेलो. गडावर चढलो नाही. खालीच एका मावशींच्या टपरीवर पिठलं-भाकरी खाल्ली. सकाळी जो तो उन्हातली खुर्ची मागत होता. दुपार चढली तशी तीच माणसं खुर्च्या ओढत सावलीला सरकली. तिथंच ठरलं की राणी जगणार. राजा इकडे, राणी तिकडे, निम्मं निम्मं राज्य. आम्ही खुशीत परतलो.

नवा शेवट आम्ही माझ्या सासऱ्यांना वाचून दाखवला. आबा कंपनीतून निवृत्त झालेत, आता थोडी शेती बघतात. गोष्ट ऐकायची त्यांना भारी हौस. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "गोष्ट लय झ्याक हाय. पन ह्यो शेवट मला पटला न्हाई."

"का आबा?"

"तुमच्या राजानं त्या लोकास्नी डोंगराच्या मागं हाकललं व्हतं ना? त्यास्नी पानी बी त्याच्याच मर्जीनं. आन आता म्हनताय, दोगं आपापल्या जागी बरे. ह्याला तोल न्हाई म्हनत, पोरी."

मी पुस्तकातलं काहीबाही सांगायला लागले आणि मध्येच थांबले. आबांच्या लहानपणी आमच्या लोकांचा पाणवठा वेगळा होता. घरात ते कुणी सांगत बसत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

मग नणंद म्हणाली, "वहिनी, सावली फिरते ना. आपल्या गोष्टीत ती फिरतच नाही. तुझ्या राजानं सूर्य अडवून ठेवलाय."

मला तो राजा फार आवडायचा. त्याचा न मावळणारा सूर्य मी किती कौतुकानं लिहिला होता! दोन दिवस मी कागदांना हात लावला नाही. पण एकदा दिसलं ते दिसलंच. अंधार आणि अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आम्ही एकाच काळ्या रंगात बुडवल्या होत्या.

मग आम्ही वाटणी उलटी केली. राजाची पहिली रात्र तिनं लिहिली आणि राणीच्या माणसांची पहिली सकाळ मी. राजा आधी पाण्याचे दरवाजे उघडतो, मग सूर्याला जाऊ देतो. काळोख दाटायला लागतो तसा तो लहान मुलासारखा घाबरतो, आणि डोंगरापलीकडून आलेली एक म्हातारी त्याच्याशेजारी नुसती बसून राहते. ते प्रकरण वाचताना मला रडू आलं. माझाच राजा, पण मला तो असा कधी लिहिता आला नसता.

कादंबरी पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकानं काढली. मुखपृष्ठावर चित्रकारानं राणीला सुळे काढले होते, ते आम्ही भांडून पुसायला लावले. फार खपली असं नाही, पण वाचणारे भेटतात. आबांनी तर ती दोनदा वाचलीय. परवा मला म्हणाले, "राजाची रात तूच लिव्हलीस, मी वळखलं."

नणंद माझ्याकडे बघून गालात हसली. आम्ही दोघींनीही त्यांना काही सांगितलं नाही.