दीडशे बाइटची बचत

समाधान रोज नाशिक रोडहून अंबडच्या मशीन बनवणाऱ्या कंपनीत जायचा. काम काय, तर कोड बारीक करणं. हल्ली मशीनने काय करायचं त्याची कॉम्प्युटरवर आकृती काढली की सॉफ्टवेअर स्वतःच कोड लिहून देतं. पण लिहिणार ऐसपैस, आणि मशीनमधली चिप स्वस्तातली, मोबाइलमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावायचा नाही. तो कोड छाटून, कोंबून बसवण्यात समाधानच्या तोडीचा कोणी नव्हता. मालक ललितसाहेब त्याला कंजूष म्हणून चिडवायचे, आणि या गड्याला त्याचाच गर्व!

गेल्या वर्षी कांदा प्रतवारीच्या मशीनचा कोड दीडशे बाइटने मावेना. कांदा अडकला की रोलर मागेपुढे फिरून तो मोकळा करतात, आणि दर फेऱ्याला कोड पाहायचा, बंद करायचं लाल बटण दाबलंय का. सारखं तेच काय बघायचं, म्हणून समाधानने ते पाहणं सगळ्या फेऱ्यांच्या आधी एकदाच ठेवलं. कोड मावला, वेगही वाढला. चाचणी झाली ती रिकाम्या मशीनवर. रिकाम्या मशीनमध्ये अडकणार काय, कपाळ? बटण दाबलं, मशीन थांबलं, सगळे चहाला गेले.

मशीन गेलं देवळ्याच्या एका कांद्याच्या खळ्यावर. तिथे समाधानची मावशी कुसाबाई कामाला होती. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. “ह्ये माझ्या समाधाननं केलंय,” असं ती येईल त्याला सांगायची. बाराव्या दिवशी कांदा अडकला, तो काढताना तिचा उजवा हात आत ओढला गेला. डाव्या हाताने तिने बटण दाबलं. रोलर आपले फेरे पुरे करूनच थांबले. तीन बोटं गेली.

“म्या दाबलं व्हतं,” ती सांगत राहिली. कंपनीच्या माणसाने रिकामं मशीन चालवून दाखवलं, बटणासरशी थांबलं. बाई घाबरली, बटण दाबलंच नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

समाधानने त्याच दिवशी कोड उघडला. मागेपुढे फेरे सुरू झाले की बटणाकडे कोड बघतच नव्हता. तो ललितसाहेबांकडे गेला. ललितसाहेब म्हणाले, “गुपचूप बदल. बोललास तर आधी तू घरी जाशील.” कंपनीच्या नावाचा दिवा लुकलुकवणारा कोड काढला, तर जागा झाली. तो आधीच काढता आला असता. नवा कोड भरून समाधान तोंड शिवून बसला. नोकरी जाईल म्हणून आईसारख्या बाईला खोटं पडू दिलं त्याने, दुसरं काय म्हणायचं?

आठ महिन्यांनी तो देवळ्याला गेला. कुसाबाईने डाव्या हाताने त्याला जेवायला वाढलं.

“म्याच दाबलं नसंल रे,” ती म्हणाली. “सारे म्हनतात तर खरंच असंल. तुझ्या मशीनला उगा नाव ठेवलं. राग धरू नको.”

समाधानने हातातला घास ताटात ठेवला.

“मावशी, तू दाबलं होतंस. चूक माझी होती.”

“कवा कळलं तुला?”

“त्याच दिवशी.”

“बोटांचं काय नाय रे,” ती म्हणाली. “पन आठ महिने मला येडी ठरवत व्हते, आन् तू बघत बसला.”

तिने त्याच्यापुढचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.