टीव्हीशी भांडणाऱ्या विहीणबाई

आमच्या विहीणबाई टीव्ही बघत नसत, टीव्हीशी भांडत. मालिकेतली सासू सुनेच्या दुधात काही कालवायला लागली, की मांडीवरच्या सईला थोपटता थोपटता त्या कडाडत, "अगं बया! हात झडला नाय का तुझा?" माझी ही सहा महिन्यांची नात खुदकन हसे. आणि मी समोर पेपर उघडून आतल्या आत जळत बसे.

माझी बायको जाऊन तीन वर्षं झालीत. सूनबाईची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा लेकराला बघायला तिची आई पिशोरहून आली. मुलगा आणि सून कामावर गेले, की सिडकोतल्या घरात आम्ही तिघंच. विहीणबाई जुन्या वळणाच्या. व्याह्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि त्याच्याशी सरळ बोलायचंही नाही. चहा झाला की त्या सईला सांगत, "आबाला इचार, च्या घेताल का म्हणावं." मीही सईलाच सांगे, "घेतो म्हणावं." पोरीला दातही आले नव्हते, पण घरातले सगळे निरोप तिच्यामार्फत जात.

सईमार्फत सांगण्यासारखं नसे, ते टीव्हीला ऐकवलं जाई. मालिकेत एक सासरा होता, नुसता सोफ्यावर बसून असायचा. त्याला एकदा म्हणाल्या, "काय मुक्यावानी बसलाय! घरात सोन्यासारखं लेकरू हाय, दोन शब्द बोलावं त्याच्यासंगं. पेपर काय पळून चाललाय व्हय?" त्या सासऱ्याच्या हातात पेपर नव्हता. माझ्या होता.

बोलायला मी तयार होतो हो! पण पोरगी माझ्याकडे टिकायला नको? मी घेतलं की अंग ताठ करून भोकाड पसरायची, आणि त्यांच्या मांडीवर गेली की लोण्याचा गोळा. नात माझी, आडनाव माझं, नाक तर थेट माझ्या बायकोचं, आणि ओढ मात्र पिशोरची! मला मत्सर वाटत होता. त्याला दुसरं गोंडस नाव मी देणार नाही.

मग आयतंच हत्यार मिळालं. सईला डोस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या लहान बाळासमोर टीव्ही लावत जाऊ नका. मी ते जेवताना सगळ्यांना दोनदा ऐकवलं. वर माझंही जोडलं, "टीव्हीचं वेड लागलंय पोरीला, म्हणून ती आजीकडे धावते." विहीणबाईंनी सईचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरं म्हणावं आबाला." दुसऱ्या दिवसापासून रिमोट माझ्या खिशात.

घर चिडीचूप झालं. टीव्ही नाही तर विहीणबाई बोलणार कुणाशी? माझ्यादेखत मोकळं बोलायची त्यांना चोरी. त्या मुकाट्यानं पाळणा हलवत. मला वाटलं, आता आपलंच राज्य. जायकवाडीत पाणी किती आलं, भाज्या कशा महागल्या, सगळं मी सईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं जांभई दिली आणि मग जी किरकिर सुरू केली ती थांबेना. शेवटी वैतागून मीच टीव्ही लावला. सासू पडद्यावर आली, पण सईचं रडणं चालूच.

विहीणबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. सईला उचलून मांडीवर समोरासमोर बसवलं, टीव्हीकडे तिची पाठ, आणि म्हणाल्या, "बया बया, आली का ही भवानी परत?" रडणं बंद. सई टक लावून त्यांच्या ओठांकडे बघत होती. ती रोज अशीच बसायची, पेपरच्या आडून मला ते दिसलंच नव्हतं. टीव्हीवर खापर फोडायची सोय होती, तीही गेली. मी तणतणत टीव्ही बंद केला. विहीणबाई बोलायच्या थांबल्या नाहीत. काळ्या पडद्याकडे बघत सईला म्हणाल्या, "गेली व्हय भवानी? जाऊ दे. आपुन बोलू." तेव्हापासून त्या बंद टीव्हीशी भांडू लागल्या, आणि माझा तिळपापड दुप्पट झाला.

दिवाळीनंतर त्यांच्या धाकट्या सुनेचे दिवस भरत आले. आमच्या सूनबाईला घरून काम करायची परवानगी मिळाली होती, तेव्हा विहीणबाई पिशोरला निघाल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! रिक्षात बसताना त्या सईला म्हणाल्या, "आबाला सांग, टीव्ही नको तर नको. पण घर मुकं ठिवू नका म्हणावं." मग पदर सावरून पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. "लेकरू तुमचंच हाय, व्याहीबुवा. मी कुठं नेतेय?" म्हणजे बाईंना पहिल्यापासून सगळं कळत होतं. सई त्यांच्या पदराची मूठ सोडत नव्हती. ती मलाच सोडवावी लागली.

सई आता धरून उभी राहते. महिनाभर मी तिच्याकडून "आबा, आबा" घोकून घेत होतो. परवा तिनं टीव्हीच्या टेबलाला धरलं, काळ्या पडद्यावर पंजा मारला आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला, "बया!"

सूनबाई टाळ्या पिटत आईला फोन लावायला आत पळाली. खोलीत कुणी नाही हे बघून मी सईच्या मागे जमिनीवर बसलो आणि जमेल तितका कडाडलो, "अगं बया! आली का ही भवानी परत?"

सईनं गर्रकन मान वळवली. तोंडभर हसू होतं. ते माझ्यावरून पुढे गेलं आणि दाराशी जाऊन थांबलं. दारात कुणी नव्हतं.