आत्याबाईंची नाव आणि तांब्याचे खिळे

मार्कंड्याला आज गाडी जवळजवळ देवळापाशी नेते, वैनगंगा डोळे भरून दिसते आणि पाय कोरडे राहतात. मी गेलो तेव्हा, पन्नासच्या दशकात, यातली फक्त मधली सोय होती. जिल्ह्याचं नाव नुसतं चांदा होतं, गडचिरोली त्यातलीच एक तहसील, आणि मला नुकतंच मिसरूड फुटलं होतं.

निमित्त झालं आत्याबाईंच्या निरोपाचं. माझी ही विधवा आत्या पैलतीरावर, मार्कंड्याजवळ, शेती करायची आणि नदी उतरायला स्वतःची नाव चालवायची. मार्कंड्याची शिवरात्रीची जत्रा तोंडावर होती आणि नाव गळत होती. 'चांद्याहून खिळ्यांतला जाणकार घेऊन ये' असा हुकूम होता. जाणकार म्हणजे माझा मित्र रशीद. त्याच्या वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. रशीदला खिळ्यांतलं जितकं कळायचं, त्याच्या दुप्पट तो बोलायचा. त्यानं तांब्याचे खिळे आणि चकत्या पिशवीत भरल्या आणि आम्ही निघालो.

मूल गावापर्यंत मोटार होती. रस्ता जंगलातून जायचा, आणि चढ आला की ड्रायव्हर पुरुषमंडळींना उतरवून चालायला लावायचा. तिकीट मात्र बसूनच गेल्याचं. मूलला गरम भजी खाल्ली आणि पुढे खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून नदी गाठली. हाडं खिळखिळी करायला खाचराइतका स्वस्त उपाय मी पाहिला नाही.

काठावर आत्याबाईंचा नावाडी सोमाजी वाट पाहत होता.

"गळते ना रे नाव?" मी विचारलं.

"थोडीशी," तो म्हणाला.

नदीच्या मध्यावर तळाची एक फळी उचकटली आणि थोडीशीचा अर्थ कळला. पाणी घोट्यापर्यंत चढलं. रशीदनं गळ्यातला नवा रुमाल फटीत कोंबला, वर स्वतः बसला आणि मोठ्यानं दुआ म्हणू लागला. मी पोहरा घेऊन पाणी उपसत होतो. मला पोहता येत नव्हतं.

पैलतीरावर नाव उलटी केली. जुन्या लोखंडी खिळ्यांची डोकी बोटांनी निघून येत होती आणि भोवतीचं लाकूड काळं, मऊ पडलं होतं. गेल्या वर्षी सोमाजीनं मधेमधे थोडे तांब्याचे खिळे ठोकले होते. त्यांच्या शेजारचं लोखंड तर पार गेलं होतं.

"एका पाण्यात दोन्ही ठेवले तं तांबं लोखंडाले खाते," रशीद म्हणाला. "पाण्याखाली सारं तांबंच पाह्यजे. वरच्या काठाले जस्त चढवलेले खिळे चालतीन."

"तांब्याचे तं मी घेऊन ठेवले," म्हणत आत्याबाईंनी डबा पुढे केला. फेरीवाल्याकडून घेतलेले चकचकीत लालसर खिळे. रशीदनं खिशातून लोहचुंबक काढला. खिळा टुणकन उडून त्याला चिकटला.

"बाई, हे लोखंड आहे. वरून नुसतं तांब्याचं पाणी चढवलं. ओरखडा पडला का साध्या खिळ्याच्या आधी सडते."

"तुह्या लोहचुंबकातच खोट असन! मले फसवणारा अजून जन्माले याचा आहे," आत्याबाई म्हणाल्या. "हेच ठोकाचे."

विषय संपला. पण जत्रेच्या दिवशी लेकराबाळांनी भरलेली ती नाव मध्यावर उघडली तर? आम्ही दोघं पडवीत बसून कुजबुजलो. आत्याबाईंचा मानही राहावा आणि माणसंही राहावीत, असा एकच मार्ग होता. आत्याबाई दुपारच्या जेवणानंतर आडव्या झाल्या तेव्हा माझ्याशी कुजबुजत रशीदनं डब्यातले खिळे बदलले. नकली खिळे मी आत्याबाईंच्या खाचरातल्या भाताच्या तणसाखाली दडवले.

संध्याकाळी काम सुरू झालं. तांब्याचा खिळा मऊ असतो, लाकडात सरळ ठोकला तर वाकतो. म्हणून आधी गिरमिटानं भोक पाडायचं, खिळा आरपार न्यायचा, आतून चकती घालायची आणि टोक ठोकून बसवायचं. चकत्या कुठून आल्या, असं सोमाजीनं विचारलं.

"असल्या खिळ्यांसंगं त्या फुकट भेटते," रशीदनं थाप मारली.

जुने बरे दिसणारे खिळे सोमाजी ठेवू म्हणाला, तर आत्याबाईच कडाडल्या, "पोट्टा म्हणते तसं कर. पाण्याखालचे सारे काढ!" ठोकताना त्या प्रत्येक खिळा हातात घेऊन पाहत होत्या. आम्ही श्वास रोखून.

शिवरात्रीला नाव दिवसभर काठोकाठ भरून ये-जा करत होती. तळ कोरडा. मीसुद्धा दोनदा उगाच जाऊन आलो.

निघायच्या दिवशी आत्याबाईंनी भात, लाखोळीचं वरण आणि वांग्याची भाजी वाढली. दुसऱ्यांदा भात वाढताना म्हणाल्या, "तणसाखालचे खिळे काढून ठेवून जा रे. भिंतीले सदरे टांगाले चांगले आहेत."

रशीदचा घास हातातच राहिला.

"तुम्ही झोपल्या होत्या ना?" मी विचारलं.

"झोपली कुठी होती? डोळे मिटून पडली होती. त्यातला एक खिळा माठाखाली ओल्यात पडला अन् गंजला, तेव्हाच समजलं. पण फेरीवाला हाती लागत नाई अन् गावात हसू होते. म्हटलं, चांद्याचे पोट्टे हुशार आहेत, काढतीन काईतरी."

मग त्यांनी रशीदच्या घरासाठी नव्या तांदळाचं पोतं नावेत चढवलं. खिळ्यांच्या पैशांचा विषय काढायला त्याला जागाच ठेवली नाही.

चांद्याला परतल्यावर बरेच दिवस मला राग येत होता की हसू, हेच ठरेना. मार्कंड्याची शिल्पं पाहायला लोक जातात, जरूर जावं. मला मात्र तिथलं आठवतं ते जमिनीवर आडवी पडून, डोळे मिटून आमची कुजबूज ऐकणारी आत्या. तिला वाचवल्याचा रुबाब आम्ही दोन दिवस मिरवला होता.

रशीदच्या वडिलांनी सगळं ऐकलं आणि पोट धरून हसले. त्यांनी मुद्दाम निरोप धाडला: बाईले म्हणा, आमच्या दुकानात येऊन बसा.

महिन्याभरानं मोटारीच्या ड्रायव्हरनं आत्याबाईंचं तोंडी उत्तर आणलं.

"बसतो ना. पण गल्ल्यावर."