एका जागेसाठी दोघी

धम्मप्रिया गजभारे कंधारच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. कायम नाही, तासिका तत्त्वावर. म्हणजे कॉलेज सुरू झालं की नेमणूक व्हायची, परीक्षा जवळ आल्या की संपायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. राहायला नांदेडला. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारी उन्हातनं परत यायचं. करडईच्या मर रोगावर तिनं डॉक्टरेट केली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं होतं, आता बाई वर्षभरात कायम होणार. तिलाही वाटलं होतं. आता चाळिशी उलटली. मधल्या काळात परभणी, हिंगोली, देगलूर, जिथं जागा निघाली तिथं ती मुलाखत देऊन आली. कुठं नाव प्रतीक्षा यादीत लागलं, कुठं जागाच रद्द झाली, कुठून काही कळवलंच नाही.

लातूरच्या एका कॉलेजाचा मुलाखतीचा कॉल आला तेव्हा तिनं तो वाचला आणि भाजी चिरायला बसली. नवरा आनंदराज पंचायत समितीत नोकरीला. तो म्हणाला, "पुस्तकं काढून देऊ का वरची?"

"राहू द्या. उद्या बघते."

तो उद्या काही आला नाही. मग एका संध्याकाळी मंजुषाचा फोन आला. मंजुषा तिचीच कंधारची विद्यार्थिनी. हुशार पोरगी, एम.एस्सी. करून नेटही पास झालेली.

"मॅडम, लातूरला बॉटनीची जागा निघालीय. मला कॉल आलाय. पण मला काहीच येईना झालंय हो. डेमोच्या तासाला काय शिकवावं ते पण कळंना. थोडी तयारी करून देता का?"

धम्मप्रिया म्हणाली, "मंजुषा, मला पण आलाय कॉल."

"मग राहू द्या मॅडम. मी बघते माझं. चुकलं, मला माहीत नव्हतं."

"रविवारी घरी ये. दोघी मिळून करू."

फोन ठेवल्यावर आनंदराज म्हणाला, "आपल्याच पायावर धोंडा मारून घेऊन राहिलीस तू."

"मला एकटीला बसवत न्हाई हो आता अभ्यासाला," ती म्हणाली. "पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. कुणी समोर असलं तर बसंल तरी."

त्यानं उठून वरची पुस्तकं खाली काढली.

रविवारी मंजुषा आली ती अवघडूनच. चहा झाला, तरी सतरंजीच्या कडेला बसून राहिली. शेवटी धम्मप्रियानं खडू दिला आणि स्वयंपाकघराच्या लाकडी दाराकडं बोट दाखवलं. "हा तुझा फळा. परागकणापासून बीज कसं होतं ते शिकव मला."

मंजुषानं भराभरा आकृती काढली, भराभरा बोलली, आणि थांबली.

"पोरांना आधी फूल दिसू दे की गं," धम्मप्रिया म्हणाली. "तू एकदम अंडाशयात शिरलीस. हळू. पुसून पुन्हा काढ."

त्यानंतर मंजुषा रविवारीच काय, मध्येही येऊ लागली. जनुकांमध्ये बदल करण्याच्या नव्या पद्धती धम्मप्रियाला नीट माहीत नव्हत्या. तिच्या शिक्षणात ते नव्हतंच, आणि नंतर एसटीत उभं राहून कोण वाचणार? मंजुषानं त्या न कंटाळता समजावल्या. एकदा ऐकून धम्मप्रियाच्या डोक्यात शिरायचं नाही. "पुन्हा सांग बाई," ती म्हणायची, आणि मंजुषा पुन्हा सांगायची.

मग मंजुषा मुलाखत घेणारी झाली. "मॅडम, इतकी वर्षं तासिकेवरच का राहिलात?"

"आता काय सांगायचं, नशिबात..."

"असं नका म्हणू. आणि खाली कशाला बघता? तुम्ही काय चोरी केलीय का?"

धम्मप्रिया हसली, पण तो प्रश्न तिच्या मनातून लवकर गेला नाही.

मुलाखतीला दोघी एकाच बसनं गेल्या. अहमदपूरच्या स्टँडवर बस बराच वेळ थांबली. दोघींपैकी कुणालाच काही खावंसं वाटलं नाही. लातूरच्या त्या कॉलेजात व्हरांड्यातल्या बाकांवर उमेदवार गर्दी करून बसले होते. निम्मे चेहरे धम्मप्रियाच्या ओळखीचे होते. कुणी नुसती मान हलवायचं, कुणी म्हणायचं, "आलात का मॅडम?"

तिचा नंबर दुपारी लागला. आत बाहेरगावचे एक विषयतज्ज्ञ होते. त्यांनी प्रबंध चाळला आणि विचारलं, "करडई आता किती लोक पेरतात?"

"आमच्या भागात पेरा लई घटलाय, सर. त्याचं एक कारण हा रोगच आहे."

त्यांनी मान डोलावली. मग ठरलेला प्रश्न आलाच: "इतकी वर्षं तासिकेवर?"

तिनं समोर बघितलं. "जागा निघाल्या नाहीत, सर. निघाल्या तिथं मी गेले. मधल्या काळात शिकवणं थांबवलं नाही."

बाहेर आली तेव्हा पाय दुखत होते, पण अमुक सांगायचं राहिलं असं या खेपेला वाटत नव्हतं. नंतर मंजुषा आत गेली. परत येऊन म्हणाली, "डेमो हळू केला, मॅडम. आधी फूल काढलं."

निकाल महिन्याभरानं लागला. धम्मप्रिया कंधारला प्रयोगशाळेत पोरांना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पानांचे पातळ छेद घ्यायला शिकवत होती, तेव्हा फोन आला. मंजुषा रडत होती.

"मॅडम, माझं झालं. तुमची जागा मी घेतली."

"माझी कधी होती ती?" धम्मप्रिया म्हणाली. "डोळे पूस. पहिल्यांदा आईला सांगितलंस का?"

"न्हाई. तुम्हालाच."

"मग आधी तिला सांग."

तिला आनंद झाला, आणि हेवाही वाटला. तो एवढा जोरात आला की हातातलं पान तिनं टेबलावर ठेवून दिलं. मंजुषाला तिनंच घरी बोलावलं होतं, तिनंच शिकवलं होतं. तरी आत कुठंतरी कळ उठायची ती उठलीच. मग एका पोरीनं हाक मारली, "मॅडम, माझा छेद जाडच येऊन राहिलाय," आणि ती तिकडं वळली.

घरी आनंदराजला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यानं पाणी दिलं आणि जरा वेळानं चाचरत म्हणाला, "उदगीरला एक जागा निघतीय म्हणतेत. भरायचा का अर्ज?"

"भरा की," ती म्हणाली. "पण आज मला काही विचारू नका."

तिनं पदर तोंडावर ओढला आणि आडवी झाली. आनंदराज उठला, भाताचं आधण ठेवलं आणि आवाज न करता स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.